"तासाला ६ हवा-बदल" पुरतात का? (ज्वलनशील वायू आणि बंद जागांचं वायुवीजन)

वारेमाप (धागाकर्ता)

सिलिंडरची खोली असो, बॅटरी रूम असो की थिनरचं गोदाम, नकाशाच्या कोपऱ्यात एक ओळ ठरलेली: "वायुवीजन – तासाला ६ हवा-बदल", म्हणजे खोलीत मावते त्याच्या सहापट हवा तासाभरात बाहेर आणि तेवढीच आत. सहाच का, असं विचारलं की उत्तर येतं, "आधीच्या कामातही सहाच होते की." परवा पुन्हा हाच संवाद झाला, म्हणून हा धागा.

हवा-बदलांचा आकडा शेवटी काढायचा असतो. त्याआधी वायू कोणता, गळालाच तर ताशी किती गळेल आणि तो जिथे साचणार तिथून वारा जातो की नाही, हे ठरवावं लागतं. या तिन्हींचा पत्ता नसताना लिहिलेला "६" म्हणजे रोगी न बघता लिहिलेलं औषध.

ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी: प्रत्येक ज्वलनशील वायूला हवेतल्या प्रमाणाची खालची आणि वरची मर्यादा असते. त्या दोहोंच्या मधेच तो पेटतो. मिथेन (नैसर्गिक वायूतला मुख्य घटक) ५ ते १५ टक्के, प्रोपेन २.१ ते ९.५, ब्युटेन साधारण १.८ ते ८.४, हायड्रोजन ४ ते तब्बल ७५. खालच्या मर्यादेला सगळे एलईएल म्हणतात. वायुवीजनाचं काम खोलीतलं प्रमाण या एलईएलच्या चौथ्या हिश्श्याखाली ठेवणं, असं बहुतेक मानकं धरतात. प्रोपेनसाठी हा चौथा हिस्सा म्हणजे हवेत जेमतेम अर्धा टक्का.

आता हिशोब. एका सांध्यातून ताशी अर्धा किलो प्रोपेन गळतोय असं धरा. वायुरूपात तो सुमारे ०.२७ घनमीटर. प्रमाण ०.५२५ टक्क्यांखाली ठेवायला ०.२७ ÷ ०.००५२५, म्हणजे ताशी ५२ घनमीटरच्या आसपास हवा लागेल. हे हवा अगदी नीट मिसळते असं मानून. प्रत्यक्षात कपाटं असतात, तुळया असतात, वारा न पोचणारे कोपरे असतात. म्हणून तिप्पट धरू: ताशी १५५ घनमीटर.

खोली ३० घनमीटरची असेल तर हे पाच हवा-बदल झाले. १० घनमीटरच्या खोपटात तीच हवा साडेपंधरा हवा-बदल होते आणि ३०० घनमीटरच्या शेडमध्ये अर्धा. गळती तीच, लागणारी हवा तीच, आकडा मात्र अर्ध्यापासून साडेपंधरापर्यंत. सांगा, सहा कुठे बसवायचे?

---

निळी_ज्योत

वाचनखूण साठवली. एक शंका. एलपीजी (म्हणजे प्रोपेन-ब्युटेनच) जड म्हणून झरोके खाली, नैसर्गिक वायू हलका म्हणून वर, एवढं केलं की झालं ना? आमच्या सुरक्षा-प्रशिक्षणात तरी एवढंच सांगतात.

---

जुना_फिटर

झरोके खाली दिलेले असतात हो. ते उघडे किती राहतात ते बघा!

खालच्या लुव्हरसमोर (तिरप्या पात्यांच्या झरोक्यासमोर) पोती रचलेली, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता रागही येत नाही. दुसरं म्हणजे उंदरांसाठी लावलेली बारीक जाळी. नकाशात लुव्हरचं माप लिहितात ते चौकटीचं. पात्यांची जाडी वजा करा, जाळीच्या तारा वजा करा, जाळीवर बसलेली तेलकट धूळ वजा करा, मग मोकळी जागा अर्धीसुद्धा उरत नाही. नखाने खरवडली की त्या धुळीची पापुद्र्यासारखी पट्टी निघते. मागून टॉर्च मारला तर उजेड दिसत नाही अशा जाळ्या पाहिल्यात.

आणि हवा-बदलांचं म्हणाल तर धुराची नळी घेऊन एकदा खोलीत उभे राहा. रबरी फुगा दाबला की पांढरा धूर निघतो ती. एका सिलिंडर रूममध्ये दाराशी धूर सोडला, तो दारावरच्या पंख्याकडे सरळ चढून बाहेर गेला. खोलीत आत गेलाच नाही. मग मागच्या भिंतीशी, सिलिंडरच्या बुडाजवळ सोडला. तिथे तो गुडघ्याएवढ्या उंचीवर नुसता तरंगत राहिला. कागदावर त्या खोलीला तासाला बारा हवा-बदल होते. बदलत होती ती दारापासून पंख्यापर्यंतचीच हवा, आणि गळतीची जागा मागच्या भिंतीला.

आत येणारी आणि बाहेर जाणारी वाट समोरासमोरच्या भिंतींवर हवी. मध्ये गळतीची जागा आली पाहिजे. बाकी गणित नंतर.

---

गणित_आधी

फिटरकाकांना +१, पण निळी_ज्योत यांचा प्रश्न तसाच राहिला.

"जड वायू खाली, हलका वर" हे अर्धंच खरं. हवेच्या तुलनेत प्रोपेन दीडपट जड, ब्युटेन दुप्पट, पेट्रोलची वाफ तीन-चारपट. मिथेन ०.५५ आणि हायड्रोजन ०.०७. पण हे आकडे शुद्ध वायूचे आहेत. प्रोपेन हवेत २ टक्के मिसळला की त्या मिश्रणाची घनता हवेपेक्षा फार तर एक टक्क्याने जास्त. म्हणजे पेटण्याजोगं मिश्रण असं दगडासारखं खाली बसत नाही, दार उघडलं तरी ढवळलं जातं. आणि एकदा मिसळलेला वायू पुन्हा वेगळा होऊन तळाशी जमत नाही. "रात्रभर ठेवलं की वायू खाली बसतो" हे ऐकलं असेल, त्यात तथ्य नाही. रात्रभरात खाली सापडतो तो हळूहळू गळून, न ढवळता, जमिनीवरून पसरत गेलेला वायू.

हलक्याचंही तेच. १८ मार्च १९३७ रोजी टेक्सासमधल्या न्यू लंडन इथल्या शाळेत नैसर्गिक वायूचा स्फोट झाला, जवळपास ३०० जण गेले, बहुतेक मुलं. वायू साचला होता कुठे? इमारतीच्या जमिनीखालच्या बंद पोकळीत. हलका होता, पण वर जायला वाट नव्हती. त्याला वासही नव्हता. वायूत वास मिसळण्याची सक्ती त्यानंतर आली.

म्हणून माझ्या मते झरोके खाली आणि वर, दोन्हीकडे हवेत. फक्त मोठं तोंड कुठे, ते वायू बघून ठरवायचं. आणि खोलीखालची पोकळी, केबलचा चर, कोरडा पडलेला गटाराचा ट्रॅप, खोट्या छताच्या वरची जागा या स्वतंत्र खोल्या समजायच्या.

धागाकर्त्यांच्या हिशोबातही एक खोच आहे. ३०० घनमीटरच्या शेडमध्ये अर्धा हवा-बदल पुरेल, हे सरासरीपुरतं. गळणाऱ्या सांध्याजवळ वारा निपचित असेल तर तिथे पेटण्याजोगा ढग राहणारच, शेड कितीही मोठी असो. आयईसी ६००७९-१०-१ या आंतरराष्ट्रीय मानकामध्ये गळतीपाशी हवेचा वेग किती हे आधी विचारतात, ते यासाठीच. वायुवीजन किती भरवशाचं, हेही तिथे वेगळं मोजतात, कारण वाऱ्यावर सोडलेली खोली आणि राखीव पंखा असलेली खोली सारखी नाही.

---

वारेमाप

मान्य. शेडचं उदाहरण आकड्याचा फोलपणा दाखवायला घेतलं होतं, शेड सुरक्षित आहे असं सुचवायला नव्हे.

---

बॅटरीवाली

वायुवीजनाचं गणित खरोखर सुटसुटीत आहे अशी एक जागा म्हणजे बॅटरी रूम, आणि नेमका तिथेच लोक अंदाजपंचे पंखा लावतात.

शिसं-आम्लाची बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावरही प्रवाह देत राहिलो की तो पाणी फोडतो. दर अँपिअर-तासाला दर सेलमागे ०.४२ लिटर हायड्रोजन. आयईसी ६२४८५-२ चं सूत्र यावरूनच येतं:

हवा (घनमीटर प्रति तास) = ०.०५ × सेलची संख्या × वायू करणारा प्रवाह (दर अँपिअर-तास क्षमतेमागे मिलिअँपिअर) × क्षमता (अँपिअर-तास) ÷ १०००

हे ०.०५ आकाशातून पडलेलं नाही. हायड्रोजन ४ टक्क्यांवर आणायला त्याच्या २४ पट हवा, गुणिले ०.४२ लिटर, गुणिले सुरक्षेसाठी ५. करून बघा, ५० लिटर, म्हणजे ०.०५ घनमीटर येतं. झाकणातून पाणी घालायच्या नेहमीच्या बॅटरीला वायूचा प्रवाह फ्लोटवर (भरलेली बॅटरी भरलेली ठेवणारं मंद चार्जिंग) ५ आणि बूस्टवर (जोरात चार्जिंग) २० धरतात, बंद प्रकारच्या व्हीआरएलएला (व्हॉल्व्ह-रेग्युलेटेड लेड-ॲसिड) १ आणि ८.

११० व्होल्टचा संच, ५५ सेल, २०० अँपिअर-तास, पाणी घालायचा प्रकार. बूस्टवर: ०.०५ × ५५ × २० × २०० ÷ १००० = ताशी ११ घनमीटर. फक्त ११! त्यासाठी पंखाही लागत नाही. नैसर्गिक वायुवीजनाला झरोक्याचं क्षेत्र चौरस सेंटिमीटरमध्ये या आकड्याच्या २८ पट, म्हणजे ३०८. साधारण साडेसतरा बाय साडेसतरा सेंटिमीटर मोकळी जागा, एक येणारी आणि तेवढीच एक जाणारी. समोरासमोरच्या भिंतींवर. एकाच भिंतीवर द्यायची वेळ आली तर दोन्हींत किमान दोन मीटर अंतर.

मग बॅटरी रूममध्ये स्फोट का होतात? एक तर झरोका छताच्या हातभर खाली असतो. तुळयांच्या मधल्या खणांत हायड्रोजन साचतो आणि झरोका त्याच्या खालून हवा खेचत बसतो. छत खणांचं असेल तर प्रत्येक खणाला वाट हवी किंवा तुळईत वरच्या बाजूला भोकं हवीत. दुसरं, एखादा सेल खराब होतो किंवा चार्जर बिघडतो आणि बूस्ट संपतच नाही. सूत्रातला २० चा आकडा ठाकठीक चार्जरचा आहे, बिघडलेल्याचा नव्हे. तिसरं, सेलच्या झाकणाशेजारी पाना पडतो. हायड्रोजनला पेटायला ०.०२ मिलिज्यूल पुरतात, मिथेनला लागतात त्याच्या दहाव्या भागाहून कमी. झाकणाच्या तोंडाशी प्रमाण सूत्र कधीच सांभाळत नाही, तिथे अर्धा मीटर तरी ठिणगी नको.

---

निळी_ज्योत

छान समजलं, बॅटरीताई. मग व्हीआरएलए बॅटरीच्या खोलीला "सीलबंद आहे, हवा नको" म्हणतात ते चूक?

---

बॅटरीवाली

चूक. वायू कमी निघतो, पण निघतो. त्यात झडप आहे हे नावातच सांगितलंय, ती उघडायलाच बसवलेली असते. वरच्या सूत्रात २० ऐवजी ८ घालायचे, शून्य नाही.

---

खंदक

मी पाण्याच्या बाजूचा माणूस. आमच्याकडे "इथे कुठला वायू" हाच शत्रू.

२३ मे १९८४. इंग्लंडमध्ये लँकशायरमधलं ॲबीस्टेड. एका नदीचं पाणी दुसरीत नेणाऱ्या बोगद्याच्या टोकाला डोंगरात अर्धवट पुरलेलं व्हॉल्व्ह हाउस होतं. ४४ माणसं आत जमलेली, गावातल्या लोकांना योजना दाखवण्याचा कार्यक्रम. पंप सुरू केले, थोड्या वेळात स्फोट झाला, १६ जण दगावले. वायू ठेवलेला नव्हता, वापरात नव्हता, कुणाच्या मनातही नव्हता. खोल खडकातून बोगद्यात झिरपणाऱ्या पाण्यात मिथेन विरघळलेला होता. पंप १७ दिवस बंद होते, त्या काळात पाणी उतरून बोगद्यात पोकळी झाली आणि पाण्यातून सुटलेला मिथेन तिथे साचला. पंप चालू झाले, पाणी वर आलं आणि वायूला पुढे ढकलत गेलं. बोगद्यातली हवा बाहेर सोडायची वाट थेट आकाशात जायला हवी होती, ती उघडत होती माणसं उभी होती त्याच इमारतीत. ठिणगी कुठून पडली ते शेवटपर्यंत निश्चित झालं नाही.

वायुवीजन होतं बरं का. फक्त त्याचं दुसरं टोक चुकीच्या खोलीत होतं.

तेव्हापासून नकाशा हातात आला की मी प्रत्येक व्हेंट पाइपवर बोट ठेवून तो कुठे उघडतो ते बघतो. सांडपाण्याचे सम्प, खोल मॅनहोल, भरावाशेजारची तळघरं, सगळीकडे.

---

एक_वाचक

इथे फक्त वाचत होतो, पण विचारतोच. डिटेक्टर बसवला आणि तो वाजला की पंखा चालू होईल असं केलं तर चोवीस तास पंखा चालवायची गरज नाही ना? विजेचं बिल बघता मला तरी हे शहाणपणाचं वाटतं.

---

जुना_फिटर

डिटेक्टर वाजला = वायू आला. त्याच क्षणी मोटर सुरू करायची, म्हणजे ठिणगीची शक्यता सगळ्यात जास्त असलेली गोष्ट सगळ्यात वाईट वेळी करायची. पंखा स्फोटरोधक असेल, मोटर हवेच्या वाटेबाहेर असेल, स्टार्टर खोलीबाहेर असेल तर बोलू. साधा पंखा असेल तर नको रे बाबा.

---

वारेमाप

एक_वाचक, विचार सरसकट चूक नाही. मोठ्या जागांत कमी वेगाने सतत आणि वायू एलईएलच्या १० टक्क्यांवर पोचला की पूर्ण वेगाने, अशी दोन पायऱ्यांची व्यवस्था करतात. पूर्ण बंद ठेवायचा पंखा मला पसंत नाही, कारण मग सगळा भार एका डिटेक्टरवर पडतो, आणि डिटेक्टरच्या खोडी अशा:

उत्प्रेरक मणी असलेला डिटेक्टर वायू जाळून मोजतो. जाळायला ऑक्सिजन लागतो. वायू फारच जास्त झाला की ऑक्सिजन कमी पडतो, काटा शंभराच्या पुढे जाऊन परत खाली येतो आणि उशिरा आलेल्या माणसाला शून्याजवळचं वाचन दिसतं. सिलिकॉनची वाफ, म्हणजे सीलंट किंवा काही पॉलिश, लागली की मणी मरतो आणि डिटेक्टर निमूट शून्य दाखवत राहतो. मिथेनवर कॅलिब्रेट केलेला डिटेक्टर प्रोपेनला कमी आकडा दाखवतो. इन्फ्रारेडला या खोडी नाहीत, पण त्याला हायड्रोजन दिसतच नाही. बॅटरी रूममध्ये इन्फ्रारेड बसवून "काही नाही" असं वाचत बसलेली माणसं आहेत!

नाकाचंही ऐकून ठेवा. वास मिसळलेला असला तरी थोड्या वेळात नाक सरावतं, आणि जमिनीतून झिरपत आलेल्या वायूचा वास माती शोषून घेते.

उलटी जोडणी मात्र जरूर करा: पंखा थांबला की वायूचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा) व्हॉल्व्ह बंद. पण पंखा "चालू" आहे हे कॉन्टॅक्टरवरून (मोटरला वीज जोडणाऱ्या स्विचवरून) ठरवू नका. पट्टा तुटला तरी मोटर फिरते आणि पॅनलवर हिरवा दिवा राहतो. डक्टमध्ये हवेचा दाब किंवा प्रवाह मोजणारा स्विच लावा.

---

निळी_ज्योत

आणि वायू आधीच भरलेला आहे असं लक्षात आलं तर? दार उघडून पंखा लावायचा ना?

---

गणित_आधी

पंख्याच्या बटणाला हात नाही. दिव्याच्याही नाही, आणि चालू असलेलं काही बंदही करायचं नाही, कारण बंद करतानाही ठिणगी पडते. पुरवठा बाहेरून तोडायचा, जाता जाता हाताशी असेल ते दार-खिडकी उघडायची, माणसं बाहेर, फोन बाहेर गेल्यावर.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. खोलीत वायू वरच्या मर्यादेच्याही पुढे गेला असेल, समजा प्रोपेन १५ टक्के, तर त्या क्षणी तो पेटणार नाही. दारं उघडली की प्रमाण उतरतं आणि ९.५ ते २.१ या पट्ट्यातून खोली जातेच जाते. म्हणजे हवा खेळायला लागल्यावर धोका काही काळ वाढतो. त्या वेळात दारात उभं राहून "गेला का वास" बघायचं नाही.

किती वेळ? हवा नीट मिसळत असेल तर एका हवा-बदलाने ६३ टक्के वायू जातो, शंभर नाही. तीन झाले की ९५ टक्के, पाच झाले की ९९ च्या वर. तासाला सहा असतील तर पाचला ५० मिनिटं लागतात. अर्थात गळती थांबलेली असेल तर.

---

खंदक

टाकीत किंवा मॅनहोलमध्ये उतरणाऱ्यांसाठी जोडतो. हवा "ताजी" करायला ऑक्सिजनचं सिलिंडर सोडणारे महाभाग आहेत. कधीही नाही. ऑक्सिजन २३.५ टक्क्यांपुढे गेला की कपडे, केस, ग्रीस सगळं भडकतं. साध्या हवेचा ब्लोअर, बाहेर ठेवलेला, गाडीच्या धुराड्यापासून लांब, आणि नळी तळापर्यंत. उतरण्यापूर्वी वर, मध्ये आणि तळाशी मोजमाप. वायू एलईएलच्या १० टक्क्यांवर असेल किंवा ऑक्सिजन १९.५ च्या खाली असेल तर उतरायचं नाही. आणि मध्ये कामाला सुट्टी झाली की गॅस-कटिंगचे पाइप टाकीबाहेर काढायचे, नुसती कटिंग टॉर्चची चावी बंद करून भागत नाही.

---

एक_वाचक

पंखा चालूच ठेवतो मग. सिलिंडरची खोली आहे, पंखा खालून खेचतो, वरच्या बाजूला समोरच्या भिंतीवर लुव्हर आहे, मोटर डक्टबाहेर. फक्त डक्टचं तोंड जिथे निघतं तिथून साधारण दीड मीटरवर शेजारच्या ऑफिसच्या एसीचं बाहेरचं युनिट आहे, आणि खाली केबलचा चर जातो. चालेल?

---

जुना_फिटर

नाही चालणार. बाहेरचं युनिट म्हणजे कॉन्टॅक्टर, पंखा आणि ठिणगी एका डब्यात. शिवाय चर खालीच, त्यामुळे दाट वायू आला तर सरळ त्यात उतरणार आणि केबलच्या भोकातून ऑफिसमध्ये. डक्ट वर न्या, छताच्या पुढे काढा, तोंड उभं आकाशाकडे. पाऊस आत येऊ नये म्हणून त्यावर टोपी घालतात, ती वायू परत खाली ढकलते. टोपीऐवजी तोंडाभोवती थोडं मोठं नळकांडं बसवा, पाणी कडेने निथळतं. आणि चरातली भोकं आधी बुजवा, डक्टचं काम व्हायला वेळ लागेल.

---

वारेमाप

दुजोरा. डक्ट वर नेल्यावर रोध वाढेल, तेव्हा पंखा तेवढीच हवा खेचतो का ते ॲनिमोमीटरने (वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्राने) पुन्हा मोजा, जाळीपाशी, नऊ-दहा ठिकाणी फिरवून सरासरी. खोलीचं माप, सिलिंडर किती आणि मॅनिफोल्डचा (सगळे सिलिंडर जोडणाऱ्या नळीचा) दाब काय ते इथे टाका, गळती किती धरायची ते बसून काढू.